फिनलंडमधील शालेय शिक्षण : शिक्षक व विद्यार्थी यांच्या अनुभवांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने डिसेंबर २००१ मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल प्रसिद्ध केले. पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेत फिनलंडने ५४६ गुण मिळवून प्रथम स्थान पटकावले. त्या वेळी या देशाची लोकसंख्या सुमारे ५२ लाख होती आणि शिक्षणाच्या जागतिक चर्चेत त्याचे नाव क्वचितच घेतले जात असे. त्यानंतर मात्र अनेक देशांची शिष्टमंडळे हेलसिंकीत दाखल होऊ लागली. कमी गृहपाठ, सार्वत्रिक परीक्षांचा अभाव, शिक्षकांना स्वातंत्र्य आणि मोफत भोजन ही या व्यवस्थेची वैशिष्ट्ये म्हणून सर्वत्र सांगितली जाऊ लागली. भारतातील शिक्षणविषयक परिसंवादांतही फिनलंडचा दाखला आता नेहमीचा झाला आहे.

या चर्चेत दोन गोष्टी बहुधा सुटतात. एक म्हणजे ही व्यवस्था सुमारे दीडशे वर्षांच्या संघर्षातून घडलेली आहे. दुसरी म्हणजे धोरण आणि गुण यांच्या पलीकडे त्या वर्गांत प्रत्यक्ष बसणाऱ्या मुलांचा आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांचा अनुभव कसा होता, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने फिनलंडच्या शालेय शिक्षणाचा इतिहास तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. फिनलंडमधील शिक्षकाच्या सामाजिक स्थानाची ऐतिहासिक जडणघडण स्पष्ट करणे.
२. लोकशाळा ते समान शाळा या स्थित्यंतरात विद्यार्थ्यांच्या अनुभवात झालेले बदल पाहणे.
३. शिक्षकाचा अनुभव व विद्यार्थ्याचा अनुभव यांतील साम्य आणि अंतर यांची चिकित्सा करणे.

गृहीतक

शिक्षकाला मिळालेले स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांतून विद्यार्थ्याचे शालेय समाधान आपोआप निर्माण होत नाही. या दोन्ही गोष्टींचा इतिहास स्वतंत्र आहे.

संशोधन पद्धती

हा अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. शैक्षणिक कायदे व सुधारणांचा कालक्रम, शिक्षणाच्या समाजशास्त्रीय अभ्यासांतील निष्कर्ष आणि आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांतील आकडेवारी यांचा त्यासाठी आधार घेतला आहे.

विवेचन

१) चर्चप्रणीत साक्षरता : भीतीतून वाचन

फिनलंड अनेक शतके स्वीडनच्या राज्याचा भाग होता. १८०९ मध्ये तो रशियन साम्राज्यात स्वायत्त महासंस्थान म्हणून समाविष्ट झाला आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाला. स्वीडनच्या राजवटीतील १६८६ च्या चर्च कायद्याने सामान्य जनांनी धर्मग्रंथ वाचता येण्याइतके अक्षरज्ञान मिळवावे अशी अपेक्षा ठेवली. ज्याला धर्मतत्त्वांचे ज्ञान नाही त्याला चर्चच्या पवित्र विधीत सहभागी होता येत नसे आणि पर्यायाने त्याच्या विवाहातही अडथळा येत असे. गावोगावी पाद्री वाचनाची तपासणी घेत. त्यामुळे लेखनाचे ज्ञान अत्यल्प असले तरी वाचनाचा प्रसार शाळांच्या आधीच झाला.

या शिक्षणाचा अनुभव सुखद होता असे मात्र म्हणता येत नाही. आलेक्सिस किवी यांच्या १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सात भाऊ’ या कादंबरीतील भाऊ चर्चच्या सेवकाकडील अक्षरओळखीच्या जाचाला कंटाळून पळून जातात आणि अखेर अरण्याचा आश्रय घेतात. फिनिश भाषेतील या पहिल्या महत्त्वाच्या कादंबरीच्या केंद्रस्थानी शिकण्याची नावड आणि पुढे स्वेच्छेने झालेला शिक्षणाचा स्वीकार असावा, ही बाब सूचक आहे.

२) लोकशाळा आणि ‘लोकांची मेणबत्ती’

आधुनिक फिनिश शिक्षणाचा पाया ऊनो सिग्नेउस (१८१०-१८८८) यांनी घातला. ते धर्मोपदेशक होते. त्यांनी काही वर्षे रशियाच्या ताब्यातील अलास्कात व पुढे सेंट पीटर्सबर्ग येथे काम केले होते. युरोपातील शाळांची पाहणी करून परतल्यावर त्यांनी पेस्टालोझी व फ्रोबेल यांच्या विचारांच्या आधारे लोकशाळेची योजना मांडली. १८६३ मध्ये युवास्क्युला येथे त्यांच्या नेतृत्वाखाली फिनिश भाषेतील पहिले अध्यापक विद्यालय सुरू झाले. तेथे प्रारंभापासून पुरुषांबरोबर स्त्रियांनाही प्रवेश होता. १८६६ च्या लोकशाळा अध्यादेशाने प्राथमिक शिक्षण चर्चपासून वेगळे करून स्थानिक संस्थांकडे सोपवले. हस्तव्यवसाय हा अभ्यासक्रमाचा अविभाज्य विषय ठरला.

तथापि, कायदा झाला म्हणून शाळा गावात पोहोचली असे झाले नाही. ग्रामीण भागात शाळा काढणे ऐच्छिक होते आणि कराच्या बोजामुळे शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. १८९८ च्या अध्यादेशाने ग्रामीण भागाची शालेय विभागांत वाटणी करणे बंधनकारक केले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तर १९२१ मध्ये, शेजारच्या देशांच्या मानाने बऱ्याच उशिरा संमत झाला आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण भागांना त्याच्या अंमलबजावणीसाठी दीर्घ मुदत देण्यात आली.

या काळातील लोकशाळा शिक्षकाला ‘लोकांची मेणबत्ती’ असे संबोधले जाई. मुलांना शिकवण्याबरोबरच गावातील वाचनालय, गायनवृंद, युवक मंडळ आणि मद्यपानविरोधी चळवळ ही कामेही त्याच्याकडे येत. या उपाधीत आदर होता, तसेच बंधनही होते. अध्यापक विद्यालयांतील शिस्त कठोर असे. शिक्षकाचे आचरण, धार्मिकता व राजकीय मते यांवर समाजाची आणि निरीक्षकांची नजर असे. शाळेच्याच इमारतीत राहणाऱ्या शिक्षकाला खासगी आयुष्य असे फारसे उरत नसे. शिक्षकाला मिळणारा मान हा त्याने स्वीकारलेल्या या देखरेखीचे मोल होता.

१९१८ च्या यादवी युद्धात देश ‘लाल’ आणि ‘पांढऱ्या’ अशा दोन पक्षांत विभागला गेला. बहुसंख्य लोकशाळा शिक्षकांची सहानुभूती विजयी ‘पांढऱ्या’ पक्षाकडे होती. युद्धानंतर पराभूत पक्षाच्या मजुरांची मुले याच शिक्षकांसमोर वर्गात बसली. राष्ट्रीय ऐक्य घडवण्याचे कार्य राज्याने शाळेकडे सोपवले, परंतु ज्यांचे वडील तुरुंग छावण्यांत मरण पावले होते त्या मुलांसाठी हे ऐक्याचे धडे सोपे नव्हते. फिनिश समाजाचा आपल्या शिक्षकांवर पूर्वापार विश्वास होता, हे विधान या पार्श्वभूमीवर तपासून घ्यावे लागते. विश्वास ही तेथे मुळात असलेली गोष्ट नव्हती. ती दुभंगलेल्या समाजात सावकाश कमवावी लागली.

३) युद्धकाळ व विभाजित शाळा

१९३९ ते १९४५ या काळात फिनलंडने तीन युद्धे अनुभवली. कारेलिया प्रांत गमावल्यामुळे चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. सुमारे ७०,००० मुले सुरक्षिततेसाठी प्रामुख्याने स्वीडनमध्ये पाठवली गेली. त्यांपैकी अनेक मुले मातृभाषा विसरून परतली आणि आपल्याच शाळेत परकी ठरली. अशा टंचाईच्या काळात, १९४३ मध्ये, लोकशाळांतील सर्व मुलांना मोफत भोजन देण्याचा कायदा संमत झाला आणि १९४८ पासून तो पूर्णपणे अमलात आला. आज ज्या शालेय भोजनाचे कौतुक होते त्याचा उगम समृद्धीत नसून युद्धकालीन अभावात आहे.

युद्धोत्तर काळातील विद्यार्थ्यांच्या अनुभवावर सर्वांत खोल ठसा उमटला तो विभाजित व्यवस्थेचा. लोकशाळेची चार वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची वाटणी होई. काही मुले प्रवेशपरीक्षा देऊन शुल्क आकारणाऱ्या माध्यमिक विद्यालयात जात. तेथून मॅट्रिक परीक्षा व विद्यापीठ असा मार्ग खुला होई. उरलेली मुले लोकशाळेतच राहत व पुढे व्यवसायाकडे वळत. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे भवितव्य असे ठरत असे आणि त्यात बुद्धिमत्तेइतकाच वडिलांच्या उत्पन्नाचा व विद्यालयापासूनच्या अंतराचा वाटा असे. पुढे ‘समान शाळे’ची मागणी राजकीयदृष्ट्या प्रबळ झाली, तिच्यामागे या पिढीचा अनुभव होता.

४) समान शाळा : शिक्षकांचा विरोध ते स्वीकार

१९६३ मध्ये संसदेने विभाजित व्यवस्था मोडून नऊ वर्षांची समान शाळा स्थापण्याच्या बाजूने कौल दिला आणि १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. अंमलबजावणीचा क्रम लक्षणीय आहे. १९७२ च्या शरद ऋतूत ती उत्तरेकडील लॅपलँडमध्ये सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकत १९७७ मध्ये राजधानीच्या परिसरात पोहोचली. ज्या भागात माध्यमिक शिक्षणाची सोय सर्वांत कमी होती त्या भागाला लाभ प्रथम मिळाला, आणि जेथे जुन्या विद्यालयांचे हितसंबंध बळकट होते तो भाग शेवटी राहिला.

या सुधारणेला शिक्षकांचा एकमुखी पाठिंबा होता असे समजणे चुकीचे ठरेल. माध्यमिक विद्यालयांतील विषयशिक्षकांना निवडक विद्यार्थ्यांना शिकवण्याची सवय होती. सर्व क्षमतांच्या मुलांना एकत्र शिकवल्यास दर्जा खालावेल, अशी त्यांची धारणा होती. लोकशाळा शिक्षकांना मात्र या बदलात आपल्या कार्याची मान्यता दिसत होती. तडजोड म्हणून गणित व परकीय भाषा या विषयांत क्षमतेनुसार गट ठेवण्यात आले आणि १९८५ मध्ये ते रद्द झाले. अभ्यासक्रम केंद्राने तपशीलवार ठरवलेला होता, पाठ्यपुस्तकांना शासकीय मान्यता आवश्यक होती आणि निरीक्षण यंत्रणा कायम होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास पिर्काला येथील प्रायोगिक इतिहास अध्यापनाच्या टिपणांवर मार्क्सवादी प्रचाराचा आरोप होऊन देशभर वाद पेटला. शिक्षकाच्या स्वातंत्र्याविषयी समाज किती साशंक होता, हे यावरून दिसते.

याच दशकात दोन निर्णायक गोष्टी घडल्या. १९७४ पासून प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण अध्यापक विद्यालयांतून विद्यापीठांत गेले आणि १९७९ मध्ये वर्गशिक्षकासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. संशोधन प्रबंध लिहिलेला शिक्षक पहिलीच्या वर्गावर जाऊ लागला. सुशिक्षित शिक्षकवर्ग तयार झाल्यावर नियंत्रण सैल करणे शक्य झाले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी शालेय निरीक्षण बंद झाले, पाठ्यपुस्तकांची पूर्वमान्यता रद्द झाली आणि १९९४ च्या अभ्यासक्रम आराखड्याने बरेच निर्णय स्थानिक संस्था व शाळांकडे सोपवले. हा काळ तीव्र आर्थिक मंदीचाही होता. स्वातंत्र्य आणि काटकसर एकाच वेळी आल्याने अनेक शाळांना कमी निधीत अधिक जबाबदारी पेलावी लागली.

येथे कार्यकारणाचा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रथम शिक्षकांच्या तयारीत दीर्घकालीन गुंतवणूक झाली आणि नंतर निरीक्षण हटले. हा क्रम उलटा करून केवळ निरीक्षण हटवल्यास फिनलंडसारखे परिणाम मिळतील, असे मानण्यास इतिहासात आधार नाही.

५) वर्गाच्या आतील अनुभव : संशोधनाची साक्ष

फिनिश वर्ग हे मुक्त, बालकेंद्री व प्रयोगशील असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील अभ्यासकांच्या मूल्यमापन अहवालाने वेगळे चित्र मांडले. अनेक शाळांना भेटी दिल्यावर त्यांना बरेचसे वर्ग शिक्षकाने ठरवलेल्या गतीने, पाठ्यपुस्तकाच्या ओळीमागून ओळ वाचत चाललेले आढळले. हेलसिंकी विद्यापीठातील हन्नु सिमोला यांनी २००५ मधील आपल्या लेखात या विसंगतीची मीमांसा केली. त्यांच्या मते समान शाळेचे यश हे आधुनिक तत्त्वांच्या जोडीने टिकून राहिलेल्या पारंपरिक, शिक्षककेंद्री अध्यापनावर व शिक्षकाच्या मान्य अधिकारावर उभे होते. पासी साहल्बेर्ग यांच्या २०११ मधील बहुचर्चित ग्रंथाने समता, सहकार्य व विश्वास यांवर भर देणारे स्पष्टीकरण जगापुढे ठेवले. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी वाटली तरी शिक्षकाचे समाजातील वजन हा दोहोंतील समान दुवा आहे.

शिक्षकांचा स्वतःचा अनुभव या वजनाची पुष्टी करतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय अध्यापन सर्वेक्षणात समाज आपल्या व्यवसायाला मान देतो असे मानणाऱ्या फिनिश शिक्षकांचे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते, तर संघटनेतील देशांची सरासरी सुमारे २६ टक्के होती.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिल्यास चित्र बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने होणाऱ्या शालेय मुलांच्या आरोग्यविषयक सर्वेक्षणांत, शाळा आवडते असे सांगणाऱ्या मुलांच्या प्रमाणात फिनलंड २००० च्या दशकाच्या प्रारंभी तळाच्या देशांत होता. गुणांत अव्वल असलेला देश शाळेच्या आवडीत मागे होता. २००० च्या पिसा चाचणीत वाचनात मुलींनी मुलांपेक्षा ५१ गुण अधिक मिळवले. हे अंतर संघटनेच्या सदस्य देशांत सर्वाधिक होते. समान शाळेतही अनुभव समान नव्हता, असा याचा अर्थ होतो.

तुउला गॉर्डन, जॅनेट हॉलंड व एलिना लाहेल्मा यांनी हेलसिंकी आणि लंडन येथील शाळांत केलेला वर्गनिरीक्षणाधारित अभ्यास २००० मध्ये ग्रंथरूपाने आला. शाळेतील अधिकृत, अनौपचारिक व भौतिक असे तीन स्तर त्यांनी वेगळे केले. अभ्यासक्रम, पाठ व शिस्त हे अधिकृत स्तरात मोडतात. मैत्री, चिडवाचिडवी व गटबाजी अनौपचारिक स्तरात येतात. आणि जागा, आवाज व शरीराच्या हालचाली यांचा भौतिक स्तर असतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने अनौपचारिक स्तर हाच बहुधा शाळेचा गाभा असतो, तर गुणांवर आधारित मूल्यमापन केवळ अधिकृत स्तराची नोंद घेते.

या दुर्लक्षाची किंमत फिनिश समाजाला मोजावी लागली. ७ नोव्हेंबर २००७ रोजी योकेला येथील शाळेत आणि २३ सप्टेंबर २००८ रोजी काउहायोकी येथील व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबाराने देश हादरला. अशा घटनांना एकच कारण जोडणे शास्त्रीय ठरणार नाही. मात्र त्यानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य, एकाकीपणा व छळ हे विषय धोरणाच्या केंद्रस्थानी आले. तुर्कू विद्यापीठात क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांच्या मार्गदर्शनाखाली आधीच विकसित होत असलेला ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम २००९ पासून देशभर राबवला गेला. त्यात छळ करणारा व सोसणारा यांच्याबरोबर गप्प राहून पाहणाऱ्या वर्गमित्रांच्या भूमिकेवर भर आहे. २०१३ मध्ये विद्यार्थी कल्याणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. पुढे २०१८ च्या पिसा चाचणीत वाचनातील उच्च गुण आणि जीवनाविषयीचे समाधान यांचा मेळ फिनलंडमध्ये दिसून आला, ही बाबही नमूद केली पाहिजे.

६) समतेच्या कक्षेबाहेरचा अनुभव : सामी मुले

फिनलंडच्या उत्तरेस राहणाऱ्या सामी या आदिवासी समाजाच्या मुलांचा अनुभव समतेच्या संकल्पनेची मर्यादा दाखवतो. शाळा दूर असल्याने, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, या मुलांना वसतिगृहांत ठेवले जाई. अध्यापन फिनिश भाषेत चाले. घरापासून दूर राहिलेल्या या पिढीतील अनेकांची मातृभाषा तुटली आणि पुढे त्यांच्या मुलांपर्यंत ती पोहोचलीच नाही. शाळेची सोय करून देणे हे राज्याच्या दृष्टीने समतेचे कार्य होते. मुलाच्या दृष्टीने ते भाषेचे विस्मरण होते. १९९८ च्या मूलभूत शिक्षण कायद्याने सामी प्रदेशात सामी जाणणाऱ्या मुलांचे शिक्षण प्रामुख्याने त्याच भाषेत व्हावे, अशी तरतूद केली. २०२१ मध्ये सामी समाजावरील अन्यायाच्या चौकशीसाठी सत्य व सलोखा आयोगाची नियुक्ती झाली.

७) घसरण आणि पुनर्विचार

२००६ मध्ये विज्ञानात ५६३ गुण मिळवल्यानंतर फिनलंडच्या गुणांत सातत्याने घट झाली. गणितात २००३ मध्ये ५४४ गुण होते, ते २०२२ मध्ये ४८४ झाले. वाचनात २००० मधील ५४६ वरून २०२२ मध्ये ४९० पर्यंत घट झाली. हे गुण संघटनेच्या सरासरीपेक्षा अद्याप अधिक असले तरी घसरण मोठी आहे. वाचनाची कमी झालेली सवय, भ्रमणध्वनी व समाजमाध्यमांचा वापर, स्थलांतरित विद्यार्थ्यांना मिळणारे अपुरे साहाय्य, निधीतील कपात अशी अनेक कारणे मांडली जातात. त्यांपैकी कोणत्याही एका कारणावर अभ्यासकांचे एकमत नाही. २०२१ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा १८ वर्षांपर्यंत वाढवण्यात आली आणि ऑगस्ट २०२५ पासून पाठाच्या वेळी भ्रमणध्वनीच्या वापरावर कायदेशीर निर्बंध आले. ज्या व्यवसायाच्या प्रवेशासाठी पूर्वी साधारण दहा अर्जदारांतून एकाची निवड होई, त्या वर्गशिक्षक प्रशिक्षणाकडे येणाऱ्या अर्जांतही घट झाली.

निष्कर्ष

१. फिनलंडमधील शिक्षकावरील विश्वास ही राष्ट्रीय स्वभावाची देणगी नसून कठोर देखरेख, यादवी, राजकीय वाद आणि विद्यापीठीय प्रशिक्षण यांतून घडलेली ऐतिहासिक निर्मिती आहे.

२. शिक्षकांची तयारी आधी आणि नियंत्रणाची शिथिलता नंतर, हा क्रम तेथील यशाचा महत्त्वाचा घटक होता.

३. शिक्षकाची प्रतिष्ठा उच्च असतानाही विद्यार्थ्यांची शाळेविषयीची आवड कमी राहिली. त्यामुळे निबंधाच्या प्रारंभी मांडलेले गृहीतक उपलब्ध पुराव्यांशी सुसंगत ठरते.

४. सामी मुलांच्या अनुभवावरून सर्वांना एकच शाळा देणे आणि सर्वांना न्याय देणे यांतील फरक स्पष्ट होतो.

दुसऱ्या देशाची शिक्षणपद्धती स्वीकारताना तिचे वेळापत्रक, भोजनगृह व वर्गरचना सहज उचलता येते. तिचा इतिहास उचलता येत नाही. फिनलंडकडून घेण्याजोगी गोष्ट असेल तर ती ही की, गुणांत अव्वल असतानाही तेथील संशोधकांनी आपल्या वर्गांत मुलांना काय वाटते, हे विचारण्याचे सोडले नाही आणि मिळालेले अप्रिय उत्तर झाकून ठेवले नाही. भारतीय शाळा व महाविद्यालयांच्या मूल्यमापनात निकालाच्या टक्केवारीबरोबर विद्यार्थी व शिक्षक यांच्या अनुभवांची पद्धतशीर नोंद होणे, ही त्या दिशेने टाकलेली पहिली पायरी ठरू शकेल.